नाडीकुलूप

केतकी पावसेने कॉम्प्युटरचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला आणि पुंडलिक चोगल्यांच्या टेबलावर ठेवला. बाजारात दोघातिघांनी तिला पाहिलं होतं आणि नजर वळवली होती. बंदरगल्लीतल्या बाईने डबा दुरुस्तीला न्यायचा म्हणजे काय, ते गावाला ठाऊक होतं.

"काल संध्याकाळी व्होल्टेज वरखाली झालं, काका," बसायच्या आधीच ती म्हणाली. "त्यानेच गेलाय."

"असेल. बघू."

गल्लीतले पुरुष मालवाहू बोटींवर, वर्षातले आठ-नऊ महिने घराबाहेर. त्यांच्या मनगटात कातडीखाली तांदळाएवढा कण बसवलेला असे. तो नाडी मोजायचा आणि उपग्रहामार्फत घरच्या कॉम्प्युटरला कळवायचा. माणूस गेल्यावर त्याचं खासगी कुणी उघडू नये, म्हणून तीन दिवस नाडी आली नाही की मशीन कायमचं बंद. लोक त्याला नाडीकुलूप म्हणत. बायकांनी मात्र त्याचा निराळाच उपयोग शोधला होता. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी बटण दाबायचं. दिवा लागला, म्हणजे आपला माणूस आहे.

सौरभ पावसेच्या बोटीचा संपर्क तुटून चार दिवस झाले होते. काल सकाळपर्यंत दिवा लागत होता.

पुंडलिकांनी झाकण काढलं. वीज पुरवणारा एसएमपीएस सोडवला, हिरव्या आणि काळ्या तारेत क्लिप अडकवून बटण टाकलं. पंखा हलला नाही. नाकाजवळ नेला, तर जळका वास.

"अगं, हा खरंच जळलाय!" ते ओरडले. "पोरी, तुझा नवरा ठणठणीत आहे!"

मशीन पूर्ण चालू झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तो नेमका आज मोडला.

केतकी हसता हसता रडली. "येऊ दे त्याला. बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं. त्याच्याकडूनच चेपून घेते."

त्यांनी नवा एसएमपीएस बसवला. पंखा घुमला. तिने हात जोडले. आणि पंखा थांबला. बोर्डाच्या कोपऱ्यात नाडीकुलपाचा लाल ठिपका लागला.

पुंडलिकांनी रॅम काढून खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. सेल बदलला. ठिपका लालच. मग त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले.

"पोरी..."

"नका बोलू."

तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आमच्या आईही रोज स्वतः बटण दाबतात. मागच्या महिन्यात त्यांच्या काळजाची झडप बदलली. सोसणार नाही त्यांना. कुलूप नसलेला बोर्ड असतो ना तुमच्याकडे?"

"असतो. पण आतलं काहीच उरणार नाही. त्याची पत्रं, फोटो..."

"आई दिवा तेवढा बघतात."

पुंडलिक माळ्यावर गेले. एक जुनं खोकं खाली आणलं, त्यातला बोर्ड काढून बसवला. तासाभराने बटण दाबलं, तर दिवा लागला. कुणासाठीही लागला असता तसा.

केतकीने तिकडे बघितलंही नाही. ती त्या उघड्या खोक्याकडे बघत होती. आत तिच्या बोर्डाचा एक धरून तीन कप्पे रिकामे होते.

"काका, हे आधी कुणाला करून दिलंय?"

पुंडलिकांनी खाली वाकून स्क्रू शोधायला घेतला.

"आमच्या समोरची अश्विनी," केतकी सावकाश म्हणाली. "तिच्या नवऱ्याची बोट वर्षभर कुठल्याशा परदेशी बंदरात अडकलीय म्हणतात. तिचा दिवा रोज लागतो. मग ती गाणं म्हणत चहा ठेवते, आमच्या घरात ऐकू येतं. गेल्या दिवाळीत तिचा डबा बिघडला होता. तो तिच्या सासूबाईंनीच आणला होता ना, काका, तुमच्याकडे?"