बंद पाकिटातला अंदाज

रोपं मोजायचं काम सकाळी नऊला सुरू व्हायचं. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत, पांढऱ्या दिव्यांखाली, सूर्यफुलाच्या रोपांचे अठ्ठेचाळीस ट्रे ओळीने मांडलेले असत. निम्म्यांना तिने शोधलेलं खत, निम्म्यांना नुसतं पाणी. मोजणाऱ्या ताई पट्टी घेऊन वाकायच्या, मिलिमीटर सांगायच्या, ती लिहून घ्यायची. ओल्या मातीचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत जायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं, आणि खताची रोपं दर वेळी उंच भरत होती.

खटकलं ते शंकासुरांना. ते संस्थेचे आकडेतज्ज्ञ. सगळ्यांवर शंका घेतात म्हणून हे नाव पडलेलं, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं.

"मॅडम, कुठला ट्रे खताचा ते तुम्हा दोघींनाही माहीत असतं," ते म्हणाले. "मग पट्टी जरा वर सरकते. खोटं बोलता असं नाही म्हणत मी. झुडूप हललं की आत जनावर आहे असं धरून पळणारे वाचले. खात्री करायला थांबलेले गेले. आपण त्या पळणाऱ्यांची पोरं. डोकं आधी ठरवतं, डोळे मागून येतात."

उपायही त्यांनीच सुचवला. तिने प्रत्येक ट्रेचा अंदाज आदल्या दिवशी लिहायचा आणि पाकीट बंद करून त्यांच्या कपाटात ठेवायचं. ताईंना कुठला ट्रे कसला ते कळू द्यायचं नाही. मग अंदाज मोजणीत किती शिरतो ते दिसेल.

ती हो म्हणाली. त्या दिवसांत ती कशालाही हो म्हणायची. नवरा पाच महिने आजारी होता. तीन रिपोर्ट आले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट. सुरुवातीला तिला रडू यायचं, मग तेही थांबलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं आतून झालं होतं.

पहिलं पाकीट शंकासुरांनी फोडलं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अंदाज जुळले. मिलिमीटरपर्यंत.

त्यांनी ताईंना रजा दिली, उंची मोजणारं यंत्र मागवलं, खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. दुसरं पाकीटही जुळलं. तिसरं फोडताना त्यांनी चष्मा काढून पुसला. तेही जुळलं.

"आता एक आकडा मुद्दाम चुकीचा लिहा," ते म्हणाले. "अगदी अशक्य."

सतरा नंबरच्या ट्रेसमोर तिने शून्य लिहिलं. पाकीट बंद करून त्यांच्या हातात दिलं.

सकाळी कुलूप शंकासुरांनीच उघडलं. सतरा नंबरच्या ट्रेमध्ये माती होती. सपाट, ओली. उपटल्याची खूण नाही, भोक नाही. रजेवरून परतलेल्या ताईंनी बोटांनी सगळी माती चाळली. मूळ तर नव्हतंच, बियांची टरफलंही नव्हती.

"यात मी पेरलंच नव्हतं का?" ताई हळूच म्हणाल्या. पण वहीत त्यांनीच मोजून सांगितलेल्या सतरा नंबरच्या उंचीची दोन आठवड्यांची नोंद होती.

ताई गेल्यावर शंकासुरांनी दार लोटलं.

"मागचे तिन्ही रिपोर्ट वाईट येणार, हे मला आधीच वाटलं होतं," ती म्हणाली.

"नंतर सगळ्यांना तसंच वाटतं. की आधीच वाटलं होतं." ते सवयीने बोलून गेले, पण नजर ट्रेवरून हलत नव्हती. मग म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. माझ्याबद्दल काही अंदाज करू नका."

गुरुवारी चौथा रिपोर्ट होता. दवाखान्याच्या बाकावर ती नवऱ्याशेजारी बसली. चांगला येईल असं मनात आणून बघितलं, पण ते नुसते शब्दच राहिले, आत काही उतरेना. वाईट येईल हे तर मनात येऊच द्यायचं नव्हतं. ती समोरच्या फरशा मोजत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"तुला काय वाटतं गं?" त्याने विचारलं.

"काहीच वाटत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद उलगडला, पलटून बघितला, पुन्हा सुलटा केला. वर नवऱ्याचं नाव आणि वय छापलेलं होतं. खालचे सगळे रकाने कोरे होते.

"मशीन बिघडलेलं दिसतंय," ते म्हणाले. "पुन्हा रक्त घेऊ."

नर्सने दंडाला पट्टा बांधला. सुई टोचली. नळीत काही आलं नाही.

जागा बदलून पुन्हा टोचली.

तिसऱ्यांदा टोचल्यावर नर्सने नळी उजेडात धरून बघितली.

"फार दुखलं का हो?"

"छे, कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "उगाच तुम्हाला त्रास."

नर्सने सुई बाजूला ठेवली आणि त्याच्या मनगटावर बोटं टेकवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बोटं जरा वर सरकवली. मग दुसरा हात मागितला.

त्याने तो समजूतदारपणे पुढे केला.