जिन्यावरची वेणी

मुलींची ती निवासी शाळा बंद होणार, इमारत दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार हे ठरलं, तेव्हा शाळेचा इतिहास लिहायचं काम आपसूकच थोरलीच्या गळ्यात पडलं. शाळेत ती थोरली आणि तिची बहीण धाकटी. आता थोरलीचे केस पांढरे झाले तरी मैत्रिणींच्या तोंडी तेच नाव.

इतिहास जवळजवळ लिहून झाला होता. संस्थापिका आल्या, शिवणवर्ग आला, पाण्याची टाकी फुटली तो हिवाळासुद्धा आला. जिना तेवढा राहिला होता. तिथवर आलं की लेखणी अडायची. म्हणून एका दुपारी भाचीला घेऊन ती शाळेत आली.

"जिन्यात काय बघायचंय, आत्या? सगळे जिने वरच जातात."

"आमचा खाली यायचा," थोरली म्हणाली. "तू मागचं दार लागतंय का बघून ये. आणि हाका मारू नकोस."

"नाही मारत. इतिहासकारांना कोण दुखवतंय?"

रोज सकाळी मुली या जिन्यावर बसत, पायरीला एक. चिमुरड्या वर, मोठ्या खाली; बहिणींना मात्र लागून बसायची मुभा. वरचीनं खालचीची वेणी घालायची, तीही प्रार्थना गात गात. बोटांना ताल मिळे आणि तोंडाला चहाड्यांची सवड राहत नसे. नियम एकच, पण कडक. मागे वळायचं नाही, भांग वाकडा होतो. वेणी झाली की मागची खांद्यावर दोनदा थोपटे. तोवर दोघींपैकी कुणी उठायचं नाही.

धाकटी डावखुरी. तिची वेणी डाव्या कानामागून निघे आणि भलतीकडेच जाई. थोरली ती नंतर गुपचूप सोडून पुन्हा घाली.

शेवटच्या सकाळी धाकटीची बोटं मानेला चटका बसावा इतकी गरम लागली होती. वेणी निम्मी झाली आणि बोटं थांबली. मेट्रनबाईंनी पोरीला उचलून आजाऱ्यांच्या खोलीत नेलं. थोरली नियमाची पक्की. ती समोर बघत बसून राहिली. धाकटी त्या तापातून उठली नाही. देवाघरचं बोलावणं कुणाला चुकतं? पण थोरलीच्या खांद्याला ते कधी पटलंच नाही. तो अजून वाट बघत होता.

ती आपल्या पायरीवर बसली. दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा. खिडकीतून ऊन येत होतं. धुळीच्या वासात केसांच्या तेलाचा वास मिसळला होता. आपल्याच वेडेपणाला हसत तिनं अंबाड्याचे आकडे काढले, केस पाठीवर सोडले आणि प्रार्थनेची पहिली ओळ गुणगुणली.

दुसरी ओळ तिला आठवेना.

ती वरून आली. हळू, जरा बेसूर, धाकटीच्याच बेसुरात.

थोरलीनं पायरीची कड घट्ट धरली. वळावंसं इतकं वाटलं की मान दुखू लागली. देवानं माणसाला मागे डोळे दिले नाहीत, त्यात त्याची दयाच असावी. ती वळली नाही.

डाव्या कानामागे केसांत बोटं शिरली. लहान, थंडगार. त्यांनी तीन पेड केले. एक ओढ जास्त बसली, नेहमीसारखी. वेणी भलतीकडे वळत, प्रार्थनेच्या तालावर खाली खाली उतरत गेली.

प्रार्थना संपली.

खांद्यावर दोन थापा पडल्या.

"आत्या," मागच्या दाराकडून भाचीनं हाक मारली, "झालं का गं?"

झालं होतं. आता उठायला हरकत नव्हती, वळायलाही. धाकटीलाही जायला मोकळीक होती.

थोरलीनं वेणी खांद्यावरून पुढे घेतली. भराभर सोडली. केस हातानं मोकळे केले आणि परत पाठीवर टाकले.

"नाही अजून," ती म्हणाली.

वर कुणीतरी कंटाळून सुस्कारा सोडला.

मग डाव्या कानामागून बोटं पुन्हा निघाली. या वेळी ती गरम होती.