मिक्काचा अबोला

मिक्काचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि फिलिनोसनं अजून उत्तर पाठवलं नव्हतं.

शिशाच्या पातळ पत्र्यावर टोकदार सळईनं कोरलेलं, चार घड्या घातलेलं ते पत्र तो कमरेला खोचूनच हिंडायचा. वाकलं की टोचायचं. त्यात लिहिलं होतं —

'मिक्काकडून फिलिनोसला. मला देवानं बरं केलं असं तू दगडावर लिहिलंस. बाबांचा नवस होता, देवानं पोरीला बोलतं केलं तर येत्या पौर्णिमेला तिला स्पंजांच्या व्यापाऱ्याच्या घरी पाठवीन. देवानं केलं तर. खरं काय घडलं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या नावानिशी लिहून पाठव.'

आणि जागा संपल्यावर, कडेनं वळवून लिहिलेली एक ओळ — 'आणखी ऐकायचंय का, तेही कळव.'

आजार बरे करणाऱ्या अस्क्लेपिओस देवाच्या खाडीकाठच्या देवळात फिलिनोस लेखनिक होता. आजारी माणसं यायची, देवळाच्या लांब ओवरीत एक रात्र झोपायची, स्वप्नात देव यायचा. सकाळी जो बरा होऊन उठे त्याची हकिगत फिलिनोस लिहून काढी आणि ती कोरलेला दगड दारात उभा केला जाई. ती वाचून आणखी माणसं यायची.

मिक्काला तिच्या वडिलांनी समोरच्या बेटावरून आणलं होतं. पोरगी मुकी झाली, म्हणाले. खरं तर ती मुकी नव्हती, रागावलेली होती. दोन बायका पुरलेल्या त्या व्यापाऱ्याशी वडिलांनी तिला न विचारता लग्न ठरवलं, त्या दिवसापासून तिनं अबोला धरला. रडली नाही, भांडली नाही. अकरा महिने एक अक्षर नाही. आणि मुकी बायको व्यापाऱ्याला नको होती.

ती ओवरीत झोपली, त्या पहाटे फिलिनोस तिथले दिवे गोळा करत होता. उजाडायचं होतं, हातात सात दिवे होते, आणि त्याचा पाय पडला तो नेमका तिच्या हातावर.

"अरे बैला, डोळे काय घरी ठेवून आलास?"

सगळी ओवरी जागी झाली. तिचे वडील गुडघ्यांवर बसून देवाचं नाव घ्यायला लागले. मिक्कानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेले होते. तिनं फिलिनोसकडे असं पाहिलं, की हातातले दिवे विझलेले होते म्हणून बरं, असं त्याला वाटलं.

पुढं तीन दिवस वारा सुटला आणि नावा निघेनात. फिलिनोस तिच्या सुजलेल्या हाताला लावायला तेल घेऊन गेला. "तुम्हाला... फार लागलं का?"

"हातावर पाय देऊन झाल्यावर अहो-जाहो?" ती म्हणाली. "बस इथं. माझा अबोला तू मोडलास, आता ऐकून घ्यायचं."

आणि अकरा महिन्यांचं साठलेलं तिनं त्याच्यावर ओतलं. वाळत घातलेल्या स्पंजांचा वास, शेजारणीची चोर शेळी, वडिलांचं घोरणं, आईच्या हातचे खारवलेले मासे. तो लिहायला बसायचा त्या अंगणातल्या चिनाराच्या झाडाखाली त्याच्या लेखणीवरची शाई सुकून जायची.

"तुम्ही थोडं... सावकाश बोललात तर..."

"का? लिहून घेतोयस?"

"नाही. लवकर संपेल म्हणून."

ती पहिल्यांदाच गप्प झाली. मग खाली बघून हसली.

चौथ्या दिवशी वारा पडला आणि ती गेली. त्याच संध्याकाळी मुख्य पुजारी लाम्प्रियास म्हणाला, "त्या मुकीचं लिहून टाक. जरा रंगवून." फिलिनोसनं लिहिलं : 'पहाटे एक सर्प आला, त्यानं तिच्या ओठांना स्पर्श केला, आणि तिला वाचा फुटली.' एवढं चांगलं वाक्य त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं. ओठांविषयी लिहिताना त्याच्या मनात सर्प नव्हता.

विसाव्या दिवशी ती स्वतःच आली. सोबत म्हातारी दाई होती, ती विहिरीच्या कठड्याला टेकून अंजीर खात बसली. मिक्काच्या हातात भाजलेल्या मातीचं तोंड होतं. माणसाचा जो अवयव बरा होतो तो मातीचा करून देवाला टांगतात. हे तिच्या वडिलांनी पाठवलं होतं.

ती थेट दगडापाशी गेली. वाचलं. मग वळली.

"साप?"

फिलिनोसनं कमरेचं पत्र चाचपलं.

"तुझा पाय साप कधीपासून झाला?"

"पुजारीबाबा म्हणाले, जरा..."

"पुजारीबाबांनी पाय दिला होता का माझ्या हातावर? व्यापारी स्वतः नाव करून आला, हा दगड वाचून गेला. आता घरी हारांची फुलं ठरतायत. मी सांगितलं बाबांना, की देव नव्हता, एक धांदरट लेखनिक होता. तर म्हणतात, तुझं ऐकू की दगडाचं?" तिचा आवाज चढला, विहिरीवरच्या दाईनं मान वर केली. "दगड ज्यानं लिहिला त्यानं सांगितलं तर ऐकतील. पत्र मिळालं ना तुला?"

"मिळालं."

"मग वीस दिवस काय करत होतास?"

"उत्तर लिहीत होतो."

"किती ओळींचं?"

"पहिलीच ओळ... जमत नव्हती." त्याचे कान लाल झाले. "आणि लिहिलं तर इथलं काम जाईल. मला दुसरं काही येत नाही, मिक्का."

"मला तरी कुठं येतं? बोलायचं नाही एवढंच येत होतं, तेही तू घालवलंस." ती जवळ आली. रागानं तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "मला कुणी विचारलं नाही म्हणून मी गप्प बसले. तुला मी विचारलंय, फिलिनोस. दोन गोष्टी विचारल्यात. तरी तू गप्प."

त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं.

तिनं ते मातीचं तोंड त्याच्या हातात आदळलं. "हे तूच टांग. गरज तुला आहे."

दाईला उठवून ती उतारावरून धक्क्याकडे निघाली. एकदाही वळली नाही.

फिलिनोस कितीतरी वेळ ते मातीचं तोंड धरून उभा होता. मग त्याला राग आला. आयुष्यात त्याला फारसा राग आलेला नव्हता, त्यामुळे आधी ओळखूच येईना. वाटलं, ऊन लागलं. तो तसाच लाम्प्रियासकडे गेला.

"तो दगड खोटा आहे. पुसायला हवा. पाय माझा होता."

लाम्प्रियास देवळात पाळलेल्या देवाच्या सापांसाठी मधाच्या पोळ्या मोडत होता. "पाय तुझा, पण उचलला देवानं, असं समज की."

"मग देवानं आधी तिला विचारायला हवं होतं."

पुजाऱ्याचा हात थांबला. "लेखनिक पुष्कळ मिळतात, बाळा."

"मिळतील. ओवरीत पाय जपून टाकायला सांगा त्यांना."

त्यानं दिव्यांच्या खोलीतून शिशाचा तुकडा घेतला आणि चिनाराखाली बसला. शब्द शोधले नाहीत. अक्षर वाईट आलं, तरी खोडलं नाही. घडी घालून झाल्यावर तो दारात गेला आणि मातीचं तोंड दगडाच्या शेजारच्या खिळ्याला टांगलं. बरं झाल्यावर टांगायचं असतं.

मग धावत सुटला. मिक्काची नाव खाडीच्या मध्यावर पोचली होती. धक्क्यावर कोरागोस नावाडी आपल्या नावेचा दोर सोडत होता.

"बेटावर? हे ने. मिक्काच्या हातात दे, पण तिच्या बाबांसमोर."

कोरागोसनं उलटंपालटं करून पाहिलं. "मला वाचता येत नाही. भांडण तर नाही ना यात?"

"आहे," फिलिनोस म्हणाला, आणि त्याला वाचून दाखवलं.

'फिलिनोसकडून मिक्काला आणि तिच्या वडिलांना. पाय माझा होता. साप नव्हता, देव नव्हता. दगडावरचं खोटं मी लिहिलं, हे खरंही मीच लिहितोय.'

"आणि हे कडेला काय आडवं?"

"ते..." फिलिनोसनं समोरच्या नावेकडे पाहिलं. "'हो. आणखी ऐकायचंय.'"

कोरागोसनं मिशीत हसत घडी कमरेला खोचली, वल्हं उचललं. "येताना उत्तर आणू?"

"हेच उत्तर आहे," फिलिनोस म्हणाला, आणि दोन्ही हातांनी नाव पाण्यात ढकलली.