खोकला हमखास बरा

तो दुकानात शिरला तोच खोकत. बाहेर दोन दिवसांची पावसाची पिरपिर, आत बाबा गेल्यानंतरची शांतता. मी न विचारताच चमचाभर आल्याचा पाक पुढे केला.

"घ्या. याला ओळख लागत नाही."

त्याने पाक घेतला, डोळे मिटले... आणि खिशातून ओळखपत्रच काढलं. अन्न निरीक्षक! झाली का पंचाईत?

"पाक छान आहे," तो ओशाळून म्हणाला, "पण हे लेबल—"

बाटलीवरचं लेबल बाबांच्या अक्षरातलं होतं. 'खोकला हमखास बरा.'

"खाण्याच्या वस्तूवर आजार बरा करायचा दावा चालत नाही. आठ दिवसांत काढा, नाहीतर माल जप्त होईल."

"चमचा चाटताना नाही आठवला नियम?"

"तेव्हा खोकत होतो ना!"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

आठव्या दिवशी तो आला, तेव्हा लेबलं जशीच्या तशी होती. बाबांचं अक्षर खरवडायला माझा हातच धजत नव्हता.

"अजून काढली नाहीत?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा तीन महिने हाच पाक पीत राहिले," मी बोलून गेले. "चमचा मीच भरून द्यायचे. डॉक्टरकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचा विश्वास होता हो यावर... आणि माझाही."

बाह्या सरसावून त्याने कोमट पाण्याची बादली ओढली. दुपारभर आम्ही एकेक लेबल सोडवत बसलो. शेवटचं त्याने न फाडता उतरवलं, रुमालाने टिपलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग मात्र मला रडू आवरेना.

"पुढची तपासणी दुसरे साहेब करतील," तो बादलीत बघत म्हणाला. "तुमची फाईल आज सकाळीच सोडली."

"का? माझं काय चुकलं?"

"कारण लिहावं लागतं. लिहिलं — दुकानाच्या मालकिणीशी जवळीक."

"अगंबाई! कधीपासून?"

"ते... तुम्ही सांगायचं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला उबळ आली. तोच खोकला, आठ दिवस झाले तरी. माझा हात सवयीने बाटलीकडे गेला... आणि मागे आला. मी दुकानाचं कुलूप उचललं.

"आधी डॉक्टरकडे चल," मी म्हटलं. "मी सोबत येणार. तू नको म्हणालास तरी."