मालनबाईंनी ठेवलेलं प्रस्थान

वाल्मीक अंबडच्या कारखान्यात स्टीलच्या टाक्यांना वेल्डिंग करायचा. हात असा, की जोड शोधून काढावा लागे. जर्मनीतल्या कंपनीनं त्याचं काम बघितलं, भाषेची परीक्षा झाली, नेमणूकही झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, व्हिसाचं! तो गेला की वर्षभरात बायको सुवर्णाही मागोमाग जाणार होती. सातपूरच्या दोन खोल्यांतून सुटायचं, म्हणून सगळं घर त्या एका शिक्क्याकडे डोळे लावून बसलं होतं.

त्याची आई मालनबाई नामपूरकडची. तिनं पंचांग दाखवून आणलं. गुरुवारची सकाळ सोडली तर पुढे महिनाभर प्रवासाला बरा दिवस नव्हता. मग जुन्या माणसांची युक्ती असतेच, प्रस्थान ठेवायचं. जाणारा घरातच राहतो, पण मुहूर्तावर त्याचा सदरा सुपारी-हळकुंडासह बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचा आणि प्रवास सुरू झाला असं धरायचं. निघताना तो तिथूनच उचलायचा. व्हिसा हातात नसताना हे म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. वाल्मीक हसला, पण आईचं मन कोण मोडणार? त्याचा निळा सदरा गल्लीच्या टोकाला विमलाबाईंच्या देव्हाऱ्याखाली जाऊन बसला.

सोमवारी कारखान्याच्या गेटवरच्या यंत्रानं त्याचा अंगठा घेतला नाही. वेल्डरचे अंगठे झिजतातच, त्यात काय एवढं. पण रोज त्याच्याकडे तंबाखू मागणाऱ्या वॉचमननं आज कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. चेष्टा करतोय लेकाचा, असं वाल्मीकनं धरलं. संध्याकाळी घरी ताटं दोनच वाढलेली. सुवर्णा ओशाळली, लक्षातच राहिलं नाही म्हणाली आणि तिसरं ताट घेतलं. भात मात्र दोघींपुरताच शिजवलेला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या एजंटनं, संतोषनं, बोलावून घेतलं. तो नजर चुकवत होता.

"व्हिसावाल्यांनी अर्ज बंद केलाय. तुम्ही तिकडे पोहोचलात, कामावर हजर झालात म्हणतायत."

वाल्मीकनं कोरा पासपोर्ट टेबलावर ठेवला. मी तर इथं तुमच्यासमोर बसलोय, तो म्हणाला. संतोषनं कंपनीकडून आलेला फोटो दाखवला. हेल्मेट घातलेला माणूस, समोर नवी टाकी. चेहरा दिसत नव्हता. वाल्मीकनं फोटो मोठा करून जोड बघितला. शेवटाला तो किंचित मागे वळवला होता. ही त्याची खोड, कारखान्यातले सगळे त्यावरून त्याला चिडवायचे. असा जोड दुसरं कोणी करत नव्हतं.

"मी तरी काय करू, दादा?" संतोष हळूच म्हणाला. "ते म्हणतात, माणूस आहे ना जागेवर."

वाल्मीक मिलिमीटरच्या हिशोबात जगणारा माणूस. इथं मोजायला काहीच नव्हतं. भाबडेपणाच, पण एकच गोष्ट सुचली. प्रस्थान मोडायचं, सदरा परत आणायचा.

विमलाबाई दारातच गहू निवडत होत्या. देव्हाऱ्याखालची जागा रिकामी होती.

"सदरा होय? वाल्मीकनं नेला की शुक्रवारीच. पाया पडला, मागं न बघता गेला. गुणाचं लेकरू." त्यांनी डोळे बारीक केले. "तुम्ही त्याच्या कारखान्यातले का?"

तो तसाच घराकडे निघाला.

दार उघडंच होतं. सुवर्णा फोनवर हसून बोलत होती. इतकी मोकळी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

"सुवर्णा," तो म्हणाला.

ती चटकन उठली, ओढणी सारखी केली. फोन कानाशी तसाच ठेवून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "बसा ना. हे जर्मनीला असतात. काही काम होतं का?"

"अगं, मी..."

"थांबा, लाइनवरच आहेत." तिनं स्पीकर लावला.

"कोण आलंय?" फोनमधून वाल्मीकच्याच आवाजात कोणीतरी विचारलं.

आतून मालनबाईंनीही हाक दिली, "कोण शे वं?"

सुवर्णानं त्याच्याकडे पाहिलं, अगदी अदबीनं.

"नाव काय सांगू?"