थांबाबाईचं मत

कॉफीच्या यंत्रापाशी दोघं एकाच लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून उभी दिसली, आणि थांबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थांबाबाई हे टीमनं तिला ठेवलेलं नाव. प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली रे आली, की ही म्हणणार, "थांबा! आधी इतरांना वापरू द्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा." शेजारच्या टेबलावरचा मास्तर आजवर तिच्याच बाजूनं मत देत आला होता. कुणालाही न कंटाळता समजावून सांगायचा, म्हणून तो मास्तर. तो आपल्याला आवडतो हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. घाई काय आहे?

आणि आता ही कुरळ्या केसांची नवी मुलगी! येऊन महिना झाला नाही, तोच मास्तर तिच्याशी किती हसून बोलत होता...

दुपारच्या बैठकीत कुरळी म्हणाली, "नवी आवृत्ती आजच घेऊ या."

मास्तरनं हात वर केला. "माझंही तेच मत."

"तुझं?" थांबाबाईचा आवाज चढला. "अरे, आपण वापरतो त्या कोडच्या लायब्रऱ्या तरी नव्या आवृत्तीसाठी तयार आहेत का?"

"आहेत. चाचण्याही पास झाल्यात. सकाळपासून आम्ही दोघं तेच बघत होतो."

आम्ही दोघं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग घ्या ना! दोघंच घ्या!" म्हणत ती तरातरा जिन्याकडे निघून गेली.

मास्तर मागोमाग आला. "काल तूही त्या चाचण्या चालवल्यास. सर्व्हरवर तुझं नाव दिसतंय. सगळ्या पास झाल्या होत्या. मग 'नाही' का म्हणतेस?"

चोरी पकडली गेली होती. ती कठड्यावरून बोट फिरवत राहिली.

"कारण... ती हो म्हणतेय. आणि तू तिच्या बाजूनं बोललास की मला — नाही सहन होत."

मास्तरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी कधीचा विचारणार होतो तुला. पण तुझा नियम आडवा यायचा. म्हटलं, माझ्याही बाबतीत म्हणशील... आधी इतरांना—"

"खबरदार!" ती एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"मग थांबायचं की नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. आजच."

दोघं बैठकीत परतली. "मत बदललं?" कुरळीनं विचारलं.

"चाचण्या पास झाल्यात ना," म्हणत थांबाबाईनं उजवा हात वर केला. डावा टेबलाखाली मास्तरच्या हातात होता.