मधल्या जागेवरची मुलगी

संघानं एकत्र उभं राहून फोटो काढायची पद्धत मोडीत निघून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. खेळाडू एकेकटे यायचे, हिरव्या पडद्यापुढे उभे राहायचे आणि आपल्या वाटेला लागायचे. पुढचं काम बार्शीच्या भालचंद्र उकिडव्यांसारख्या फोटोवाल्यांचं. बारा मुली बारा वेगवेगळ्या दिवशी आल्या, तरी भालचंद्रांच्या फोटोत एकीची सावली दुसरीच्या खांद्यावर बरोबर पडायची.

या तंत्राला ‘स्मरणजोड’ म्हणत. ते शोधणाऱ्या डॉ. नसरीन तांबोळींनी शिकवतानाच बजावलं होतं, “मेंदू आठवण जपून ठेवत नाही, दर वेळी नव्यानं जुळवतो. फोटोत सांधा दिसला नाही, की तो फोटोलाच आठवण समजतो. तीन आठवडे रोज पाहिला की झालं. म्हणून जे घडलं नाही, ते जोडू नका.”

“म्हणजे मुली न भेटताच मैत्रिणी होणार?”

“म्हणून तर संघ हे फोटो घेतात, उकिडवे.”

भालचंद्रांनी तो नियम एकदाच मोडला. कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी आठ दिवस संघातली उर्वी तापानं गेली. तिच्या जागी बाकावरची जुई खेळली आणि शेवटच्या चढाईत दोन गडी बाद करून तिनं चषक आणला. मग उर्वीची आई, कालिंदीताई, स्टुडिओत आल्या. “चषकासोबत माझी पोर एकदा बघू द्या. फक्त माझ्यापुरती.” चषकामागची मधली जागा एकच होती. भालचंद्रांनी फोटोत जुईला झाकलं आणि तिथे उर्वीला उभं केलं. इतरांना फोटो पाठवताना मात्र ते झाकण काढायचं राहून गेलं, आणि बारा घरांच्या भिंतींवर तोच फोटो लागला; स्टुडिओच्या भिंतीवरही. जुईला वाईट वाटलं, पण उर्वीताईसाठी मुद्दाम केलं असेल, असं समजून त्या पोरीनं तो भिंतीवर तसाच राहू दिला.

दोन महिन्यांनी ती अर्जासाठी फोटो काढायला आली. कापडदुकानात नोकरीची जागा निघाली होती.

“अगं, दुकानात कशाला? खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात भर ना अर्ज!”

“मी कुठं खेळले, काका? मी तर बाकावर होते. प्रमाणपत्रावर माझं नाव चुकून पडलं होतं. दुसऱ्याचं कसं ठेवायचं? परत करून आले.”

भालचंद्रांनी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावून झालेली चूक सांगितली. “हिला दुरुस्त फोटो दाखवला तर?”

“आठवेल तिला,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तेही फोटोमुळेच. खरं काय, ते तिला आतून कधीच कळणार नाही. तिथे हजर असलेल्या कुणीतरी तिला शपथेवर सांगायला हवं. तुम्ही होतात ना?”

होते की! कॅमेरा घेऊन अगदी रेषेपाशी. भालचंद्रांनी जुईचा हात धरला आणि डोळे मिटून तो सामना आठवला. शेवटचं अर्धं मिनिट, मैदानावरचा आरडाओरडा, मध्यरेषेला हात टेकवून हसत वळलेली ती मुलगी. त्यांना सगळं लख्ख दिसलं.

वळलेली मुलगी उर्वी होती.